जागेपणीची वेदनामुक्ती

माणसाच्या वेदनेवर वैद्यकशास्त्राने मिळवलेल्या विजयाची हकिकत सांगू लागले की बहुधा प्रथम ईथरचे आणि क्लोरोफॉर्मचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. कारण १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनच्या रुग्णालयात ईथर हुंगवून सर्वांसमक्ष शस्त्रक्रिया झाली, पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देण्यास प्रारंभ केला, आणि शस्त्र व आक्रोश यांची हजारो वर्षांची जोडी तेव्हा प्रथमच फुटली. आपल्याकडे सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला मद्य पाजावे असे सांगून ठेवले होते; अन्यत्र कोणी अफूचा, कोणी अन्य वनस्पतींचा आश्रय घेतला होता. या सर्व उपायांत, जुन्या आणि नव्या, एक गोष्ट मात्र समान होती: वेदना घालवायची तर माणसाची जाणीवच काही काळ काढून घ्यावी लागे. रुग्ण मुक्त होई, पण तो त्या वेळी स्वतःच्या देहापाशी हजर नसे. वेदना आणि जाणीव यांची फारकत करता येते, शरीराचा नेमका तेवढाच प्रांत मुका करून माणूस बोलता, पाहता, विचार करता ठेवता येतो, हा शोध त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी लागला. आणि माझ्या मते तो पहिल्या शोधाहून तसूभरही कमी योग्यतेचा नाही.

या शोधाचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर वाढणाऱ्या कोकाच्या झुडपात आहे. तेथील रहिवासी त्याची पाने पिढ्यान्‌पिढ्या चघळत आले होते. जर्मनीत ग्योटिंगेन येथे आल्बर्ट नीमान या तरुण रसायनशास्त्रज्ञाने १८५९-६० च्या सुमारास त्या पानांतील सत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळे केले, त्याला कोकेन हे नाव दिले, आणि ते जिभेवर ठेवले असता जीभ बधिर होते ही नोंदही करून ठेवली. शास्त्राच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते की सत्य दप्तरात दाखल होते आणि त्याचा अर्थ लावणारा मनुष्य येईपर्यंत तेथेच धूळ खात पडते. नीमानच्या नोंदीवर अशी जवळजवळ पंचवीस वर्षे गेली.

तो अर्थ लावणारा मनुष्य व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात भेटला. कार्ल कोलर हा सव्वीस वर्षांचा, निर्धन, नेत्ररोगांत प्रावीण्य मिळवण्याची आकांक्षा बाळगणारा डॉक्टर होता. डोळ्याच्या शस्त्रक्रियेची अडचण मोठी विलक्षण होती. मोतीबिंदू काढताना रुग्णाने डोळा स्थिर ठेवला पाहिजे, सांगितल्या दिशेला पाहिले पाहिजे. म्हणजे तो जागा असणे इष्ट. उलटपक्षी ईथर दिले तर शुद्धीवर येताना होणाऱ्या ओकाऱ्यांच्या ताणाने टाके न घातलेली ती नाजूक जखम उकलण्याचे भय. परिणामी बऱ्याच रुग्णांच्या उघड्या डोळ्यावर, त्यांच्या पूर्ण शुद्धीत, पाते चालवले जाई. कोलरचा सहकारी मित्र सिग्मंड फ्रॉइड (पुढे मनोविश्लेषणाचा प्रवर्तक म्हणून जगप्रसिद्ध झालेला तोच) त्या वेळी कोकेनच्या उत्साहवर्धक गुणांचा अभ्यास करीत होता, आणि १८८४ च्या उन्हाळ्यात तो आपल्या वाग्दत्त वधूला भेटण्यास गेला असताना कोलरच्या मनात जीभ बधिर होण्याची ती क्षुल्लक वाटणारी गोष्ट डोळ्याच्या प्रश्नाशी जाऊन मिळाली. त्याने प्रयोगशाळेत कोकेनचा द्राव बेडकाच्या डोळ्यात टाकला. एक-दोन मिनिटांत त्या डोळ्याला टोचले तरी बेडूक हालेना. मग ससा, मग कुत्रा, आणि अखेर त्याने व त्याच्या सहकाऱ्याने आपापल्या डोळ्यांत तो द्राव घालून टाचणीने बुबुळाला स्पर्श केला आणि काहीच कळत नाही याची आपणच खात्री करून घेतली.

१५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला, परंतु जाहीर करणारा कोलर नव्हता. त्याच्यापाशी प्रवासखर्चाचे पैसे नव्हते, म्हणून त्याचा लेख योसेफ ब्रेट्टाउअर या दुसऱ्या डॉक्टरने वाचून दाखवला. काही महिन्यांतच युरोप-अमेरिकेतील नेत्ररुग्णालयांतून ही पद्धत रूढ झाली. कोलरला स्वतःला मात्र व्हिएन्नाने आसरा दिला नाही. तो ज्यू होता. रुग्णालयातील एका सहकाऱ्याने त्यावरून त्याचा उघड अपमान केला, प्रकरण द्वंद्वयुद्धापर्यंत गेले, आणि पुढे तो न्यूयॉर्कला जाऊन स्थायिक झाला. ज्याच्यामुळे लक्षावधी माणसांचे डोळे वेदनेवाचून बरे झाले, त्याला स्वतःच्या नगरीत हवी ती जागा मिळू नये, याची खंत वाचताना आजही वाटते.

डोळ्यात थेंब टाकून काम भागते, कारण तेथील आवरण पातळ आहे. त्वचेखाली आणि मांसात खोलवर औषध पोचवायचे तर सुई हवी. ती सुई एव्हाना उपलब्ध होती. एडिंबरोचे अलेक्झांडर वुड यांनी १८५३ मध्ये पोकळ सुई आणि पिचकारी वापरून दुखणाऱ्या मज्जातंतूजवळ मॉर्फिन टोचले होते. आता त्याच सुईने कोकेन टोचता येऊ लागले. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८४-८५ मध्ये दाखवून दिले की जेथे कापायचे तेथेच औषध पसरवण्याची आवश्यकता नाही. त्या भागातून निघणाऱ्या मज्जातंतूला वाटेत गाठून त्याच्याभोवती औषध घातले, तर पलीकडचा सारा मुलूख एकदम बधिर होतो. दाढ काढताना दंतवैद्य जबड्याच्या मागच्या बाजूस एक सुई देतो आणि अर्धा ओठ जड होतो, ती युक्ती हॉल्स्टेडच्या प्रयोगांतून आलेली आहे. पण हे प्रयोग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकांवरच केले, आणि कोकेनने आपली किंमत वसूल केली. ते व्यसनाच्या विळख्यात सापडले; हॉल्स्टेड पुढे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे कीर्तिवंत मुख्य शल्यविशारद झाले खरे, तथापि मादक द्रव्यांच्या पाशातून ते आयुष्यभर पुरते सुटले नाहीत.

येथे क्षणभर थांबून हे औषध नेमके काय करते ते पाहिले पाहिजे, कारण पुष्कळ सुशिक्षित माणसांचीही अशी समजूत असते की ते त्या जागेला ‘झोपवते’. वस्तुतः पेशी जाग्याच असतात. मज्जातंतूतून जाणारा संदेश हा विजेच्या लहरीसारखा असला, तरी तो तारेतून वाहणाऱ्या विजेसारखा अखंड वाहत नाही. तंतूच्या आवरणावर सोडियमच्या कणांसाठी सूक्ष्म द्वारे असतात, एका ठिकाणची द्वारे उघडून सोडियम आत शिरले की त्याच्या धक्क्याने पुढच्या ठिकाणची उघडतात, आणि अशा रीतीने संदेश टप्प्याटप्प्याने मेंदूपर्यंत पोचतो. धरणाच्या किंवा इमारतीच्या कामावर मजुरांची रांग घमेली हातोहात पुढे देत असते, तिची येथे आठवण होते: रांगेतला एखादा मजूर बाजूला झाला तर शेजारचे दोघे हात लांब करून घमेले पोचवतील, पण लागोपाठ तिघे निघून गेले तर माल तेथेच थांबेल. भुलीचे औषध या द्वारांत आतल्या बाजूने जाऊन बसते आणि सोडियमला मज्जाव करते. जाड आवरणाच्या तंतूत सामान्यतः असे तीन लागोपाठचे टप्पे बंद पडले म्हणजे संदेश खुंटतो. घाव घातला जातो, त्या ठिकाणी पेशी फाटतात, तंतूचे टोक तक्रार करते. पण ती तक्रार मेंदूच्या दरबारात दाखलच होत नाही. औषध रक्तात विरून गेले की द्वारे पुन्हा मोकळी होतात आणि सर्व व्यवहार पूर्ववत सुरू होतो.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी उलगडतात. सारे तंतू सारखे नसतात. उष्णता, गारवा व वेदना वाहणारे बारीक तंतू बहुधा आधी बंद पडतात, स्पर्शाचे व हालचालीचे जाड तंतू मागाहून. म्हणून रुग्ण म्हणतो की ‘काहीतरी ओढल्यासारखे कळते आहे, पण दुखत नाही,’ आणि घाबरून विचारतो की भूल चढली नाही काय. ती चढलेलीच असते. दुसरी गोष्ट पू झालेल्या जागेची. औषधाचा कण विद्युत्भारविरहित असताना तंतूच्या स्निग्ध आवरणातून आत जातो. पू झालेली जागा आम्लधर्मी असते, तेथे बहुतेक कण भारयुक्त होऊन बाहेरच अडतात. सुजलेल्या हिरडीत सुई देऊनही दाढेचा ठणका थांबत नाही तो यामुळे, दंतवैद्याच्या हातात गुण नाही म्हणून नव्हे.

कोकेनचा गुण ठेवून त्याचा दोष काढावा, ही रसायनशास्त्रज्ञांपुढील पुढची कामगिरी होती. म्युनिकचे आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी प्रोकेन सिद्ध केले, जे नोव्होकेन या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि १९०५ मध्ये हाइनरिश ब्राउन यांनी ते शस्त्रक्रियेत रूढ केले. त्याच ब्राउन यांनी औषधात अ‍ॅड्रिनॅलिनचा अत्यल्प अंश मिसळण्याची तजवीज केली. त्याने रक्तवाहिन्या आकुंचित होतात, औषध जागेवरच अधिक वेळ टिकते आणि रक्तात सावकाश उतरते. नंतरचे मोठे पाऊल स्वीडनमध्ये पडले, आणि तेही पुन्हा जिभेच्या साक्षीने. बार्लीच्या अभ्यासातून निघालेल्या एका संयुगाची चव घेताना स्टॉकहोममधील एका शास्त्रज्ञाची जीभ बधिर झाली. तो धागा धरून निल्स ल्योफग्रेन यांनी संयुगांमागून संयुगे तयार केली, आणि त्यांचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट याने ती स्वतःच्या शरीरात टोचून पाहिली. १९४३ मध्ये त्यांतून लिडोकेन हाती लागले. १९४८ पासून ते झायलोकेन या नावाने बाजारात आले. आपल्याकडे डॉक्टर ज्याला लिग्नोकेन म्हणतात ते हेच. तालुक्याच्या दवाखान्यात कपाळावर टाके घालण्यापूर्वी जी सुई देतात तीत हेच असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही त्याला स्थान आहे. पुढे त्याच कुळातले, अधिक तास टिकणारे ब्युपिव्हॅकेन आले आणि प्रसूतिगृहात त्याने आपला अंमल बसवला.

परंतु हातावरचा फोड वा दाढ बधिर करणे वेगळे, आणि पोट उघडण्याइतका शरीराचा अर्धा भाग बधिर करणे वेगळे. त्यासाठी मज्जातंतू जेथून निघतात त्या उगमापाशी, पाठीच्या कण्यापाशी जावे लागते. हे धाडस कील येथील आउगुस्ट बिअर यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी केले. घोट्याच्या क्षयाने पीडलेल्या एका रुग्णाच्या कण्यातील द्रवात त्यांनी कोकेनचा अल्पसा अंश घातला आणि पायाची शस्त्रक्रिया वेदनेवाचून पार पाडली. मात्र काही रुग्णांना नंतर तीव्र डोकेदुखी व ओकाऱ्या झाल्या. त्याचे कारण कोकेन की सुई, याचा निवाडा करण्यासाठी बिअर यांनी आपल्या सहायकाकडून, हिल्डेब्रांटकडून, स्वतःच्याच पाठीत सुई टोचवून घेतली. पिचकारी सुईवर नीट बसेना. औषध सांडले आणि कण्यातील पाणीही पुष्कळ वाहून गेले. तेव्हा हिल्डेब्रांट स्वतः पुढे झाला. त्याच्यावरील प्रयोग यशस्वी झाला, इतका की बिअर यांनी त्याच्या नडगीवर हातोडीचे घाव घातले, जळत्या चिरुटाचा चटका दिला, तरी त्याला काही कळले नाही. रात्री दोघांनी मद्य आणि चिरूट यांनी हा आनंद साजरा केला. दुसऱ्या दिवसापासून हिल्डेब्रांटला ओकाऱ्यांनी व नडगीच्या काळ्यानिळ्या वेदनेने छळले आणि बिअर कित्येक दिवस अंथरुणाला खिळले. आडवे पडले की डोके उतरे, उठून बसले की पुन्हा ठणके. द्रव गळून गेल्यामुळे असे होते हे त्यांनी स्वतःच्याच दुखण्यावरून अचूक ताडले. पुढे सुया अधिकाधिक बारीक होत गेल्या, त्यांची टोके पेन्सिलीसारखी घडवली गेली, म्हणजे द्रवाभोवतीच्या आवरणाचे धागे कापले न जाता बाजूला सरावेत. आणि तो त्रास आज पुष्कळच विरळा झाला आहे.

मज्जारज्जू प्रौढ माणसात कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याच्या खाली, द्रवाने भरलेल्या पिशवीत, घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखे मोकळे तंतू तेवढे असतात. सुई त्यांच्यामध्ये, कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या फटीत जाते, म्हणून ‘मज्जारज्जूत सुई मारली’ ही भीती निराधार आहे. सुई आवरण भेदून द्रवात गेली तर ती स्पायनल भूल; एकाच सुईत, दोन-तीन मिलिलिटर औषधात, पाच-दहा मिनिटांत छातीखालचे अंग बधिर. आवरणाच्या अलीकडेच थांबून तेथील पोकळीत औषध घातले तर ती एपिड्यूरल. तिला औषध जास्त लागते आणि ती सावकाश चढते, पण त्या पोकळीत बारीक नळी ठेवता येते, आणि तिच्यातून तासन्‌तास औषध पुरवता येते. सिझेरियनसाठी पहिली सोयीची; कळांसाठी दुसरी.

आपल्या रुग्णालयांत आज सिझेरियन बहुतांशी स्पायनल भुलीखाली होते, आणि त्यामागे केवळ सोय नाही. बाळंतिणीचे जठर लवकर रिकामे होत नाही. संपूर्ण बेशुद्धीत जठरातील आम्ल घशात येऊन फुप्फुसांत उतरण्याचा धोका असतो, आणि तो किती भयंकर असतो हे न्यूयॉर्कचे कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये सविस्तर मांडले होते. शिवाय गरोदरपणात घशाचा मार्ग सुजून अरुंद होतो, श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होते. म्हणून स्त्रीला बसवून किंवा कुशीवर वळवून, पाठ धनुष्यासारखी वाकवायला सांगून सुई दिली जाते. साखरेच्या मिश्रणाने जड केलेले ब्युपिव्हॅकेन द्रवात खाली बसते, आणि टेबलाचा कल पाहून भूलतज्ज्ञ ते किती वर चढू द्यायचे याचा बंदोबस्त करतो. प्रथम पायांना ऊब येते, मुंग्या येतात, मग पाय आपले नव्हेतच असे जड होतात. गार स्पिरिटचा बोळा पोटावरून छातीकडे फिरवून गारवा कोठपर्यंत कळत नाही ते पाहिले जाते; स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत तो नाहीसा झाला की शल्यचिकित्सकाला मुभा मिळते. रक्तवाहिन्या सैल पडल्याने रक्तदाब उतरतो, मळमळते. त्यासाठी सलाईन, औषधे आणि डाव्या कुशीकडे थोडा कल, कारण गर्भाशयाचे ओझे मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडू नये. आणि मग ती माता, पडद्याच्या अलीकडे पूर्ण शुद्धीत, आपल्या मुलाचे पहिले रडणे स्वतःच्या कानांनी ऐकते. क्लोरोफॉर्मच्या काळात हे तिला नंतर कोणीतरी सांगावे लागे.

नैसर्गिक प्रसूतीच्या कळांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे स्त्रीचे पाय, तिचे स्नायू आणि तिचा प्रयत्न कायम राहिला पाहिजे. गर्भाशयाचे मुख उघडत असताना वेदना कमरेच्या वरच्या व छातीच्या खालच्या मणक्यांपाशी येणाऱ्या तंतूंनी जातात; बाळ खाली उतरू लागले की माकडहाडाजवळच्या तंतूंनी. या ज्ञानापर्यंत आणि त्यावरील इलाजापर्यंत पोचायला अर्धे शतक लागले. ऑस्कार क्राइस यांनी बाझेल येथे १९०० मध्येच प्रसूतीसाठी स्पायनल वापरले होते. स्पेनचे लष्करी शल्यविशारद फिदेल पाखेस यांनी १९२१ मध्ये कमरेतील एपिड्यूरलचे वर्णन केले; ते स्पॅनिश भाषेत राहिले, दोन वर्षांत पाखेस मोटार-अपघातात वारले, आणि इटलीच्या दोल्योत्ती यांनी १९३१ मध्ये तीच वाट नव्याने शोधली तेव्हा पाखेसचे नाव जगाला ठाऊकही नव्हते. रुमानियाचे आबुरेल, अमेरिकेचे हिंगसन आणि एडवर्ड्‌स यांनी प्रसूतीत औषधाचा पुरवठा अखंड चालू ठेवण्याचे मार्ग काढले. हवानाचे मार्तिनेझ कुर्बेलो यांनी १९४७ मध्ये कमरेच्या एपिड्यूरल पोकळीत बारीक नळी ठेवून दाखवली. आजची पद्धत त्या नळीचीच वंशज आहे. फरक मात्रेचा आहे: पूर्वी तीव्र औषधाने पाय लुळे पडत; आता ब्युपिव्हॅकेन एक दशांश टक्क्याइतके किंवा त्याहून सौम्य करून त्यात फेंटानिल या वेदनाशामकाचा किंचित अंश घालतात, आणि स्त्री पाय हलवू शकते, कळ आली हे तिला दाबासारखे कळते, जोर लावण्याची वेळ तिची तिला समजते.

येथे मला काहीशा आग्रहाने बोलावेसे वाटते. आपल्या घराघरांत असे म्हटले जाते की आम्ही नाही का सोसल्या कळा. आणि हे बहुधा आई किंवा सासूबाईच, आपल्या सोसण्याचा सार्थ अभिमान बाळगून, म्हणत असतात. त्या अभिमानाला मी उणे लेखत नाही. पण सोसावे लागले ही एक गोष्ट, आणि सोसलेच पाहिजे ही दुसरी. दाढ काढताना, बोटाला टाके घालताना, कोणाही पुरुषाला कोणी असा प्रश्न विचारत नाही. एडिंबरोत सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरला तेव्हा तेथेही धर्माच्या नावाने आक्षेप निघाले होते. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने आपल्या प्रसूतीत डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हा तो विरोध बराच निवळला. राणीच्या उदाहरणाने जे घडले ते सामान्य स्त्रीच्या हक्काने घडावे. कळा सुसह्य वाटतात, श्वासाच्या लयीने आणि जवळच्या माणसाच्या हाताने निभावून जातात, असे जिला वाटते तिने औषध घेऊ नये; पण जिला ते हवे आहे तिच्या मागणीला नाजूकपणाचे नाव देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

भीतीचे बाकीचे मुद्देही मोकळेपणाने तपासले पाहिजेत. पाठीत सुई घेतल्याने जन्मभर कंबर दुखते, ही समजूत सर्वत्र आढळते. सुईच्या जागी काही दिवस हुळहुळणे शक्य आहे. पण एपिड्यूरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बाळंतिणींची तुलना केली असता दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळलेला नाही. गरोदरपणातील वाढते ओझे, सैलावलेले सांधे आणि त्यानंतर मूल उचलण्याचे, वाकून पाजण्याचे कष्ट यांचा तो हिशेब असतो. एपिड्यूरलमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढते, हेही खरे ठरलेले नाही. प्रसूतीचा दुसरा टप्पा, म्हणजे बाळ बाहेर येण्याचा, काहीसा लांबू शकतो, लघवीला त्रास होतो, अंगाला कंड सुटते, ताप येऊ शकतो, क्वचित डोकेदुखी होते: एवढे मात्र खरे आहे, आणि ते स्त्रीला आधीच सांगितले पाहिजे.

खरा धोका निराळ्या ठिकाणी आहे: हे औषध जेथे हवे तेथे अमृत आणि रक्तात एकदम गेले तर विष. लिग्नोकेनची पुस्तकी मर्यादा वजनाच्या दर किलोला साधारण साडेचार मिलिग्रॅम, अ‍ॅड्रिनॅलिनसह सात. म्हणजे साठ किलो वजनाच्या स्त्रीला दोन टक्क्यांचे साधे औषध जेमतेम तेरा मिलिलिटर. मर्यादा ओलांडली किंवा सुई शिरेत गेली, तर प्रथम ओठांभोवती बधिरपणा, तोंडात धातूची चव, कानांत गुणगुण, नंतर झटके, आणि शेवटी हृदय. रुग्णाने ‘तोंडाला कसेसेच होते आहे’ असे म्हटले तर ते किरकोळ समजू नये, याचे कारण हेच. जागेपणाचा हाही एक उपयोग आहे की धोक्याची पहिली वर्दी रुग्ण स्वतः देऊ शकतो. ब्युपिव्हॅकेन या बाबतीत विशेष कठोर आहे. पाऊण टक्का तीव्रतेच्या ब्युपिव्हॅकेनने बाळंतिणींची हृदये थांबली, आणि ती नेहमीच्या प्रयत्नांनी पुन्हा सुरू होईनात; तेव्हा अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने १९८४ मध्ये प्रसूतीसाठी त्या तीव्रतेची परवानगी काढून घेतली. यावरचा उतारा अनपेक्षित दिशेने आला. शिकागोचे गाय वाइनबर्ग यांनी १९९८ मध्ये उंदरांवर दाखवले की शिरेतून पोषणासाठी देतात ते सोयाबीन तेलाचे दुधाळ मिश्रण या विषबाधेत हृदयाला वाचवते. २००६ मध्ये ते प्रथम माणसाच्या बाबतीत यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. अशी भूल जेथे नित्य दिली जाते तेथे त्या मिश्रणाची बाटली हाताशी असलीच पाहिजे.

म्हणून औषधाइतकेच ते देणाऱ्याचे महत्त्व आहे. सुई पुढे सरकवण्यापूर्वी दट्ट्या मागे ओढून रक्त येते काय ते पाहणे, नळीतून आधी चाचणीपुरती मात्रा देणे, थोडे थोडे देऊन मध्ये थांबणे, बोलत राहणे, रक्तदाब मोजत राहणे, ही सारी कामे पाहायला फार साधी वाटतात आणि तीच प्राण राखतात. कळांसाठीच्या एपिड्यूरलला तर भूलतज्ज्ञ तासन्‌तास उपलब्ध असावा लागतो, आणि मोठ्या शहरांतली काही रुग्णालये सोडली तर आपल्याकडे तो तसा मिळत नाही. सिझेरियनसाठी अर्ध्या रात्री त्याला बोलावून आणणारी व्यवस्था कळांसाठी त्याला बोलावत नाही, कारण कळा ही निकड आहे असे तिला अजून वाटतच नाही. ही उणीव सरकारी प्रसूतिगृहांतून भरून निघाली पाहिजे. खाजगी रुग्णालयाचे देयक भरू शकणाऱ्या स्त्रीची वेदना आणि जिल्हा रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात येरझारा घालणाऱ्या स्त्रीची वेदना, दोन्ही त्याच मणक्यांपाशी येणाऱ्या त्याच तंतूंनी वर जातात.

तोपर्यंत गरोदर स्त्रीने आणि तिच्या घरच्यांनी एवढे करावे, की आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारावे, येथे एपिड्यूरल मिळते काय, रात्रीही मिळते काय, आणि भूलतज्ज्ञांची आधी भेट होऊ शकते काय. त्या भेटीत रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती, पूर्वीची पाठीची शस्त्रक्रिया, रक्तातील प्लेटलेट कमी असल्याचे कोणी सांगितले असेल तर ते, पूर्वी दंतवैद्याच्या सुईने पुरळ वा घेरी आली असेल तर तेही, न विसरता सांगावे. जुने कागद असतील तर सोबत न्यावेत.